पायांचा नवस

नवस सुभद्राबाईचा होता, पण पाय दगाचे होते.

ललित दीड वर्षाचा असताना गावी त्याच्या छातीत कफ दाटला. तालुक्याच्या डॉक्टरने हात टेकले, तेव्हा सुभद्राबाई सप्तशृंगीच्या गडाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पदर पसरला. "आई, एवढं लेकरू वाचव. याचा बाप तुझी ज्योत एकट्याने घाटाखाली आणील. अनवाणी आणील, खाली टेकवणार नाही, दुसऱ्याच्या हाती देणार नाही." पोर वाचलं. आपल्या नावावर काय बोललं गेलं ते दगाला नंतर कळलं, आणि तो हसून म्हणाला होता, "आणू की. त्यात काय."

पुढे ते सुरतला आले. दगा साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात कारागीर म्हणून लागला, कोसाडच्या हाउसिंगमध्ये पहिल्या मजल्यावर एक खोली मिळाली. खानदेशची माणसं जिथे गेली तिथे आपली देवी घेऊन गेली, तशी कोसाडातही घेऊन आली. दर नवरात्रात मंडळाची पोरं टेम्पोने गडावर जायची, देवीच्या दिव्यावर मशाल पेटवायची आणि आळीपाळीने पळत ती सुरतला आणायची. एकाने थोडं पळायचं, दुसऱ्याने हातात घ्यायची, बाकीचे मागून टेम्पोत. त्या ज्योतीवर मंडपातला दिवा लागायचा आणि मंडपातल्या दिव्यावर घरोघरचे. पण गडापासून पठार ओलांडून, डांगातल्या पायवाटांनी घाट उतरून थेट पायथ्याच्या वघईपर्यंत एकट्याने ज्योत आणायची म्हणजे दोन दिवसांचं काम. ते सहसा कुणी करत नसे. ज्याच्या डोक्यावर नवस असेल त्यानेच करावं.

दगा दर वर्षी करणार होता. एकदा सेठने रजा दिली नाही. एकदा भाऊ आजारी पडला. एकदा पाठीत उसण भरली. प्लेगाच्या साली तर सगळी सुरतच पळाली, फक्त उलट्या दिशेने. सुभद्राबाई दर भाद्रपदात आठवण करून द्यायची आणि दगा म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." ललित मोठा झाला, आयटीआयला जाऊ लागला, तो थट्टेने म्हणायचा, "माय, आबांच्याने होत नाही. नवस माझ्या जिवाचा होता ना, मग मीच पळतो." त्यावर ती एकदम गंभीर व्हायची. "असं बोलू नये. ज्याच्या नावाने बोललं त्यानेच फेडायचं."

शहाण्णवच्या श्रावणात ललितला कावीळ झाली. आठवडाभर तर ती कुणाच्या ध्यानातही आली नाही. नंतर ध्यानात येऊन उपयोग नव्हता.

तेराव्यानंतर सुभद्राबाईने देव्हाऱ्यातले टाक उचलले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. ती रडली नाही, देवीला बोल लावला नाही. दगाने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आपण दिलेला शब्द पाळला नाही. तिने तिचं परत नेलं. आता कोणत्या तोंडाने दिवा लावू?" त्यानंतर ती साड्यांचे सुटे धागे कापायला बसली. कापड मार्केटातून गठ्ठे घरी यायचे, ती दिवसभर कात्री चालवायची. घरात ललितचं नाव निघेनासं झालं. संध्याकाळी खोलीत ट्यूबलाइट लागायची, दिवा लागायचा नाही.

दगाला तिचं म्हणणं खरं वाटत होतं की खोटं, ते त्यालाच सांगता आलं नसतं. कावीळ कशाने होते ते त्याला ठाऊक होतं. पण घरी बायको अंधाऱ्या देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलेली दिसली की वाटायचं, इतकी वर्षं हे पाय नुसते साच्यांमधून येरझाऱ्या घालत राहिले.

दिवाळी झाल्यावर तो उखाकडे गेला. उखा त्याच्याच गावचा, रिंग रोडवरच्या एका मार्केटात लिफ्टमन होता. तरुणपणी मंडळाकडून ज्योत घेऊन पळालेला, त्यामुळे या बाबतीत स्वतःला मोठा जाणकार समजायचा.

"उखा, पुढच्या नवरात्रात घाटाची ज्योत मी आणतो. एकटा. तोवर ललितचं वर्षश्राद्धही होऊन जाईल."

उखा बशीतला चहा फुंकत होता. तो फुंकायचा थांबला. "डोकं फिरनं का तुनं? पन्नाशीला टेकला. बस पकडायला पळतो तर बस तुझी कीव येऊन थांबते."

"नवस आहे."

"अरे पण ज्याच्यासाठी होता तो..." उखाने जीभ चावली. मग हळूच म्हणाला, "आता कोणासाठी फेडतोस? देवीसाठी?"

"ललितच्या मायसाठी."

उखाने चहा संपवला. बशी कपावर उपडी ठेवली. "उद्यापासून ये," तो म्हणाला. "चप्पल घालू नको."

दगाची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची. तो त्याआधी उठून कोसाडच्या शेतांमधल्या कच्च्या वाटांनी पळू लागला. मशालीऐवजी हातात तागा गुंडाळायचा पुठ्ठ्याचा नळा असायचा, आत वाळू भरलेली, म्हणजे हाताला वजनाची सवय व्हावी. पहिल्याच दिवशी दुधाच्या केंद्रावरची माणसं ओरडली, "ए काका, चोर कई बाजु गयो?" दुसऱ्या दिवशी दगानेच हात करून दिशा दाखवली. मग ती माणसं त्याच्या सवयीची झाली. तो दिसला नाही तर विचारायची, काका, चोर पकडाई गयो?

सुरुवातीला अमरोलीचा पूल येईपर्यंत छाती भरून यायची. थंडी सरता सरता पूल मागे पडू लागला. वीज बंद म्हणून खात्याला पॉवरची रजा असायची त्या दिवशी तो पलसाण्यापर्यंत जायचा. तिथे रस्त्याकडेला रंगाच्या कारखान्यांचं पाणी साचलेलं असे. त्यातून पळून आला की पाय कधी निळे, कधी किरमिजी. मोरीवर घासूनही रंग पुरता निघत नसे. सुभद्राबाई त्या पायांकडे पाहायची आणि पुन्हा मान खाली घालून धागे कापायची. एकदाच म्हणाली, "आता कशाला?" पण त्यानंतर मोरीपाशी खोबरेल तेलाची वाटी ठेवलेली दिसू लागली.

अडचण होती ती डोंगराची. सुरतेत डोंगर कुठला? सगळं ताटासारखं सपाट. त्यावर उखाने उपाय काढला. मार्केट उघडायच्या आधी तो दगाला आत घ्यायचा आणि आठ मजल्यांच्या जिन्यावर सोडायचा. वाळूचा नळा उंच धरून दगा वर चढायचा. वर पोचेपर्यंत उखा लिफ्ट घेऊन दार उघडून उभाच.

"बस आत. सेठ लोकांची गाडी."

"उतरतो की पायाने."

"उतरायला काय तालीम लागते? उतरतं तर पाणी पण. उगाच वेळ जाईल, गुडघे झिजतील. चाल."

मग खाली येऊन पुन्हा चढण. वर्षभर हेच चाललं. पावसाळ्यात शेतातल्या वाटा गुडघाभर चिखलाच्या झाल्या तेव्हा तर रोजच जिना. दगा वाळला, पोटऱ्या दोरासारख्या झाल्या. आठ मजले एका दमात चढून वर उभ्या उखाशी तो बोलू शकायचा. उखा लोकांना सांगत सुटला, "आमचा दगा आता गडावर चढेल ना, तर बकऱ्या बाजूला होतील."

गडावर चढायचंच नव्हतं. तिथे टेम्पो जात होता. पायांना लागणार होता तो उतार. जन्मभर सपाटीवर राहिलेल्या या दोन माणसांच्या ते डोक्यातच आलं नाही.

वर्षश्राद्ध श्रावणात झालं. भाद्रपद संपत आला तेव्हा एका पहाटे गडावर पुजाऱ्याने मशाल पेटवून दगाच्या हाती दिली. मंडळाच्या पोरांनी जयजयकार केला; पोरं टेम्पोने पुढे वघईला जाऊन थांबणार होती. बरोबर फक्त उखा. त्याच्या एका खांद्याला तेलाचा डबा, दुसऱ्याला पाण्याची पिशवी आणि भाकरी. तेल दुसऱ्याने घातलेलं चालतं, दांड्याला मात्र हात लावायचा नाही, असा रिवाज.

पहिला दिवस चांगला गेला. पठारावरच्या वाटा लाल मातीच्या, कडेला नागलीची शेतं, तेरड्याची फुलं. दगा एका लयीत पळत राहिला. मशाल मंदावली की उखा धापा टाकत बरोबरीला यायचा, पळता पळताच तेल ओतायचा आणि शिव्या द्यायचा. "अरे भो, हळू. ज्योत देवीची शे, पोलीस मागे लागेल नहीत." चढ आला की दगाला बरं वाटायचं, ओळखीचं वाटायचं. छोट्या उतारांवर मांड्यांत काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं, पण पुन्हा सपाटी येई आणि ते विसरायला होई. अंधार पडल्यावर एका देवळाच्या ओट्यावर भिंतीला टेकून, मशाल दोन्ही हातांत धरून तो बसल्या बसल्या थोडा पेंगला. उखा जागा राहून तेल घालत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते घाटाच्या तोंडाशी आले. खाली डांगाचं रान धुक्यात होतं. डांबरी रस्ता वळणं घेत लांबून जात होता. पायवाट सरळ खाली कोसळत होती.

दगा उठला तेव्हाच मांड्या लाकडासारख्या होत्या. पळायला लागल्यावर सुटतील असं त्याला वाटलं. पण उतरताना प्रत्येक पावलाला सगळं अंग मांडीवर येऊन आदळत होतं, आणि मांडीला ते पेलायची सवय नव्हती. वर्षभर तिला कुणी शिकवलंच नव्हतं. थोडं खाली गेल्यावर उजवा पाय घडी पडावी तसा मिटला. तो बसता बसता सावरला, मशाल धरलेला हात तेवढा वर राहिला. पुन्हा उठला, दोन पावलांवर डावा मिटला. कोपर फुटलं. तिसऱ्यांदा तो एका झाडाला धरून नुसता उभा राहिला आणि त्याचे पाय त्याच्या देखत थरथरत होते, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

उखा खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "लिफ्ट," तो म्हणाला. "मना हातनं झालं दगा. मी तुले लिफ्टनी उतरवला."

"राहू दे."

"वर्षभर उतरवला रे."

"उखा, राहू दे. पाणी दे."

पाणी पिताना दगाने खालच्या वाटेकडे पाहिलं. वाघोबाच्या तोंडात उतरावं तशी ती दिसत होती. इथे बसलो तर ज्योत इथेच संपेल. उखाच्या हाती दिली तर सुरतेपर्यंत पोचेल, कुणाला कळणारही नाही. उखा तेच बोलणार होता. त्याचा हात अर्धा पुढेही आला होता. दगाने मान हलवली. घरी ट्रंकेला कुलूप होतं, ते अशा ज्योतीने निघणार नव्हतं.

मग तो वळला. चढाची सवय होती ना, तर चढाकडेच तोंड केलं. एक पाय मागे, खाली टाकून पाहिला. मांडी दुखली, पण मिटली नाही. दुसरा टाकला.

"उखा, तू मागे राहा. खाली. मला दिसत नाही, तू सांग."

असा तो डांगाचा घाट उतरू लागला, उलटा. उखा खालून सांगायचा, "डावा... हां. दगड शे, जरा अलीकडे. आता मूळ येईल. थांब, तेल घालतो." दगाच्या डोळ्यांसमोर मात्र आपण सोडून आलेली वाट होती. साग, करवंदीची जाळी, आताच ओलांडलेला ओढा, सगळं हळूहळू वर वर जाऊन लहान होत होतं. असं त्याने कधी काही पाहिलं नव्हतं. चालणारा माणूस मागचं कुठे पाहतो?

आणि मग त्याला आठवलं की त्याच्या घरातलं एक माणूस मागचं पाहायचं.

ललित लहान असताना दगा त्याला छातीशी घेई, हनुवटी खांद्यावर, तोंड मागे. गावाहून बाजाराला जाताना पोर मागचं सगळं सांगत राहायचं. आबा, कुत्रं येतंय. आबा, ती म्हातारी बसली. सुरतेला यायला गाव सोडलं त्या दिवशी दगाच्या डोक्यावर वळकटी होती आणि खांद्यावर ललित. सुभद्राबाई डोळ्याला पदर लावून पुढे चालली होती. दगाने मागे वळायचं नाही असं ठरवलं होतं. पण ललितने सांगितलंच, "आबा, आपलं घर बारीक होत चाललं."

दगा थांबला. मशालीचा धूर डोळ्यात गेला असं उखाला वाटलं.

"काय झालं?"

"काही नाही. सांग. कुठला पाय?"

खाली बाजाराला निघालेली डांगी माणसं वाटेत भेटली. पेटती मशाल धरून, डोंगराकडे तोंड करून, मागे मागे सरकत उतरणारा रक्ताळलेल्या पायांचा माणूस त्यांनी पाहिला आणि हात जोडून बाजूला उभी राहिली. देवीला पाठ न दाखवता उतरतोय, असं एकजण म्हणाला. दगा म्हणाला, "नाही हो, मांड्या गेल्या." पण ते ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही. ती पुढे निघून गेली आणि बोलणं त्यांच्याही पुढे गेलं. घाट संपल्यावर सपाटीलाही दगा मधूनमधून उलटाच चालला. दिवस कलताना वघई आली तेव्हा मंडळाच्या पोरांना सगळं आधीच कळलेलं होतं. ढोल वाजत होता. पोरं पायांवर लोटांगण घालू लागली.

"मांड्या गेल्या होत्या रे," दगा सांगत राहिला.

"बोलू नको आता," उखा कानात म्हणाला. "भक्ती म्हणतात तर म्हणू दे."

पोरांनी मशाल घ्यायला हात पुढे केले, पण दगाची बोटं उघडेनात. एकेक बोट त्यांना हळूच सोडवावं लागलं. तेवढ्या वेळात दगा त्यांच्या तोंडांकडे पाहत होता, या पोराकडून त्या पोराकडे. शेवटचं बोट सुटलं तेव्हा त्याला कळलं की आपण कुणाला शोधतो आहोत. वर्षभर पळताना त्याने हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं. शेवटी तो असेल, आणि म्हणेल, झालं ना आबा? पोरं ज्योत घेऊन पळत सुटली. दगा रिकामा हात तसाच धरून टेम्पोच्या फळीवर बसून राहिला.

टेम्पो त्याला घेऊन पोरांच्या मागून निघाला. घट बसायच्या दिवशी सकाळी कोसाड जवळ आल्यावर टेम्पोने पुढे होऊन त्याला घरी सोडलं, ज्योत अजून मागे होती. जिना चढायला दगाला फारसा त्रास झाला नाही. तालीमच चढायची होती.

खोलीत शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. त्यांनाही ते कळलं होतं. मंगलाबाईने तर त्याच्या पायाला हात लावून डोळ्यांना लावला. "सुभद्राबाई, भाग्याची गं तू. देवीकडे तोंड करून उतरला तुझा धनी." बाया गेल्यावर सुभद्राबाईने कोमट पाण्याचं घमेलं आणलं, दगाचे पाय मांडीवर घेतले आणि एकेक काटा बघू लागली. साडीतले धागे शोधावेत तशी तिची बोटं फिरत होती.

"मांड्या गेल्या होत्या ना?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलंच. तुम्हाला एवढी भक्ती कुठली." ती कडवट बोलली नव्हती. एक काटा निघाला तो तिने बाजूला ठेवला. "मी तुमच्या पायांचा नवस बोलले, तुम्हाला न विचारता. माझ्याच पायांचा बोलायला हवा होता. मी केव्हाच फेडला असता. तो असता मग."

"ललितची माय, कावीळ होती ती."

"असेल."

तो पुढे काही बोलणार होता, नवस फिटला असं. तोंडात शब्द आले आणि पोकळ वाटले, म्हणून त्याने गिळले. त्याऐवजी तो म्हणाला, "उलटं उतरताना मागचं सगळं दिसतं. त्याला दिसायचं तसं. खांद्यावरून."

सुभद्राबाईची बोटं थांबली. वर्षभरात तिने त्याची आठवण काढली नव्हती, कुणाला काढू दिली नव्हती.

"कुत्रं दिसलं की सांगायचा," ती म्हणाली.

"हो."

"गाव सोडलं तेव्हा काय म्हणाला होता, मी पुढे होते, पण ऐकलं होतं मी." एवढं बोलून ती वाकली, कपाळ त्याच्या सुजलेल्या घोट्यांना टेकलं, आणि तिच्या पाठीला हुंदका फुटला. आवाज बराच उशिरा आला. दगाने तिच्या केसांवर हात ठेवला. ते इतके पांढरे कधी झाले ते त्याला माहीत नव्हतं.

दूरवर ढोल वाजू लागला. ज्योत कोसाडात शिरली होती. जिन्यावर बायांची पावलं वाजली, ताटांचा, बांगड्यांचा आवाज खाली उतरत गेला. सुभद्राबाई उठली. तिने डोळे पुसले. ट्रंकेपाशी गेली, कुलपाला हात लावला आणि काढून घेतला. मग फळीवरच्या डब्यामागून एक मातीची पणती काढली, पदराने पुसली, तिच्यात तेल घातलं, वात ठेवली.

"टाक?" दगाने विचारलं.

"देव राहू देत आत. माझ्याने अजून होत नाही." पणतीकडे पाहत ती म्हणाली, "दिवा त्याच्या जागी ठेवते. तो बसायचा तिथे. त्याच्यासाठी आणलाय ना तुम्ही." दाराशी जाऊन ती थांबली. "तुम्ही पण चला. एकटीने जाववणार नाही मला."

"उतरता येणार नाही."

"मग तसेच उतरा. मी सांगते."

ती पुढे होऊन दोन पायऱ्या खाली उभी राहिली. एका हातात न पेटलेली पणती, दुसरा हात त्याच्या पाठीला. दगाने खोलीकडे तोंड केलं आणि एक पाय मागे टाकला.

"डावा," ती खालून म्हणाली. "हां. आता उजवा."

दार उघडं होतं. आत धाग्यांचा ढीग, कुलूप लावलेली ट्रंक, खिळ्याला अडकवलेली ललितची आयटीआयची पिशवी. पायरीगणिक त्यातलं एकेक उंबऱ्याआड जात होतं.

"काय दिसतंय?" सुभद्राबाईने विचारलं.

दगाने सांगितलं नाही. ललितने काय सांगितलं असतं ते तिला ठाऊक होतं. ती फक्त पुढची पायरी सांगत राहिली.